मधली पाच चित्रं

कार्टून सिनेमासाठी परदेशातून आलेल्या एका चित्रात महालाच्या खिडकीत उभ्या राजकन्येचे ओठ मिटलेले होते, दुसऱ्यात ती हसत होती. मधली पाच चित्रं काढायचं काम हेमांगीचं. ती काढून झाल्यावर तिनं पेन्सिल अंबाड्यात खोचली आणि कागद बोटांत धरून फरफर उलटले. राजकन्या हसायच्या ऐवजी काहीतरी बोलली.

हेमांगीनं सगळं खोडून पुन्हा काढलं. पुन्हा तेच. शेवटी तिनं टेबलावरच्या आरशात बघत आपले ओठ तसेच हलवले, आणि तिच्याच तोंडून शब्द बाहेर पडले, "माझी गोष्ट संपली होती ना?"

संपलीच होती की. पहिल्या सिनेमात लग्न लागून ती सुखानं नांदू लागली होती. हा दुसरा भाग नुसता व्हिडिओ कॅसेटसाठी.

"सर, हिला पुढच्या भागात यायचं नाहीये," हेमांगी स्टुडिओतल्या सरांना म्हणाली.

"अहो, हे काय थेटरात लागणार आहे? कोण बघतंय तिचं तोंड! उरका, उद्या तिसरा भाग येतोय."

हेमांगीला आईच्या श्रावणातल्या कहाण्या आठवल्या. 'संपूर्ण' म्हटल्याशिवाय आई हातातल्या अक्षता खाली ठेवू द्यायची नाही. नाहीतर कहाणीतली माणसं आतच अडकतात म्हणे. तिनं शेवटच्या चित्राखाली बारीक अक्षरात 'सुफळ संपूर्ण' लिहिलं आणि कागद उलटले. राजकन्या हसली, अगदी सुटल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या भागाचं पाकीट हेमांगीनंच फोडलं. महाल तोच होता, खिडकीही तीच. खिडकीत ओठ मिटून उभी असलेली राजकन्या मात्र नवी होती, आणि तिच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली होती.