दोन बोटं कापड

फार्मसीचं दुसरं वर्ष अर्ध्यावर सोडून घरबसल्या बी.ए. करायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. लेक चार महिन्यांची. ती रडत असेल या विचारानं प्रॅक्टिकलमध्ये हात थांबत, आणि एप्रनही आता छातीवर बसत नव्हता. “आई, याचे लंगोट करून टाका,” मी म्हटलं. सासूबाईंनी एप्रन मांडीवर पसरला, कात्री उघडली आणि त्या थांबल्या. “कापू काय वं? मंग जुडत नाही.” मी त्यांच्याकडे पाहिलं. “मले काहून पाहून राहिली? एप्रन तुहा हाये.” पातं खिशावरच्या डागाशी आलं. मी बनवलेलं पहिलं मलम तिथंच सांडलं होतं. “नका कापू!” मी ओरडलेच. “बाजूची शिवण उसवा, सैल होईल.” “अन् पोरगी?” “रडेल.” “रडू दे. तिचा बापही असाच रडे.” त्यांनी शिवण उसवली. आत दोन बोटं कापड दुमडलेलं होतं, कोरं पांढरं.