वखारीपाशी
डब्यावर ठेवलेला फोन खडखडला आणि दुपारचं निजलेलं घर दचकलं. "पोरी, वाट चुकलो गं," निवृत्त पोस्टमन वडील ओशाळून म्हणाले. "सगळे टॉवर एकाच साच्यातले. वखारीपाशी थांबलोय." लाकडांची वखार पाडून दहा वर्षं झाली होती, तरी कुठे जायचं ते तिला कळलं. लेकीला स्कूटरवर पुढे उभं करून ती निघाली. वखारीच्या जागी आता असलेल्या मोबाइलच्या दुकानाच्या पायरीवर वडील बसले होते. "गावभर पत्रं वाटलीत आणि स्वतःचंच घर सापडेना?" "पत्ता पाठ आहे गं, वळणच कुणीतरी उचलून नेलं. पण वखारीचा उतार गुडघ्यांनी बरोबर ओळखला!" "वखार म्हणजे?" लेकीने विचारलं. "इथे लाकडं मिळायची. लहानपणी मी हरवले की वजनकाट्यापाशी उभी राहायचे. हे तुझे आजोबाच मला घ्यायला यायचे." लेकीने दोन्हीकडच्या टॉवरांच्या सारख्याच काचा पाहिल्या. "आई, मी हरवले तर कुठे उभी राहू?"