फी परत

“मला फी परत पाहिजे,” भर वर्गात उभी राहून ती म्हणाली, आणि वीसेक डोकी एकदम तिच्याकडे वळली.

शेअरबाजार शिकवणारे सर फळ्यावर आकडे लिहीत होते. हातातला आकडा त्यांनी पुरा केला आणि मग विचारलं, “काय झालं?”

“काय व्हायचंय? बुडाले. दोन महिन्यांचा पगार गेला.”

“मी तो शेअर घ्या म्हणालो होतो?”

“नाही, आणि तीच माझी तक्रार आहे. तुम्ही काही सांगतच नाही. पैसे आम्ही भरायचे आणि डोकंही आम्हीच चालवायचं, मग तुम्ही कशाला?”

मागे कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत.

“भाव किती उतरला की विकायचं, हे घेताना ठरवलं होतंत?”

“वर चालला होता. ठरवत बसले असते तर हातचा गेला असता.”

“आणि घेण्याचं बटण कोणी दाबलं?”

तिची कानशिलं तापली. “शब्दांत पकडू नका, सर. पैसे द्या.”

ती कंबर कसूनच आली होती. हे तिचे तिसरे गुरू. पहिला फोनवर रोज नावं कळवायचा. आज हा घ्या, उद्या तो विका. फी परत मागितली तेव्हा त्याने तिचा नंबरच बंद करून टाकला. दुसरा आपली गाडी दाखवायचा. तो म्हणाला, “ताई, शिकलेलं परत देता येतं का?” या तिसऱ्याशी कसं भांडायचं याची तिने घरी उजळणीसुद्धा केली होती.

सरांनी खण उघडला. सगळ्या फीची रक्कम टेबलावर मोजली, एकेक नोट सावकाश. पावतीवर तिची सही घेतली.

“पटलं नाही तर पैसे परत. पहिल्या दिवशी म्हणालो होतो,” ते म्हणाले. “पुन्हा यावंसं वाटलं तर या.”

पहिल्या बाकावर बसणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका चष्मा कपाळावर सरकवून हे सगळं बघत होत्या. ती पैसे पर्समध्ये कोंबून खाली मान घालून बाहेर पडली.

घरी नवरा म्हणाला, “मिळाले ना? मग तोंड का पाडलंयस?”

“भांडूच दिलं नाही त्याने,” ती म्हणाली.

ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे; ती मेणात दात बसवायची, साचा ओतायची, घासून गुळगुळीत करायची. त्या आठवड्यात एक कवळी परत आली. म्हातारबांच्या हिरडीला टोचत होती. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, “मापच चुकीचं आलं असेल. डॉक्टरांवर ढकलून दे.”

“माप मी तपासून घेतलं होतं,” ती फटकन म्हणाली. “हात माझा चुकलाय.”

म्हणाली खरी, आणि हातातली कानस तशीच राहिली. बटण कोणी दाबलं? तो प्रश्न चार दिवस तिच्या डोक्यात भुणभुणत होता. तिन्ही गुरूंना तिने मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. स्वतःला एकही नाही. तिला सरांचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि तो मात्र लवकर जाईना.

तिने एक वही केली. कोणता शेअर, का घ्यायचा, किती तोटा सोसेन, कुठे विकेन. हे लिहिल्याशिवाय फोनला हात लावायचा नाही. पहिलाच सौदा तोट्यात गेला. ठरवलेल्या भावाला तिने तो विकून टाकला. नंतर तो शेअर चढला तेव्हा तिची चरफड झाली, दोन पानं फाडावीशी वाटली, पण फाडली नाहीत. तीन महिन्यांत कमाई म्हणावी अशी काही झाली नाही. तोटा मात्र सोसण्याइतकाच राहिला, आणि तो कोणामुळे झाला हे विचारायला तिला कोणाकडे जावं लागलं नाही.

एका रविवारी सकाळी तिने तेच पैसे पुन्हा पर्समध्ये ठेवले.

“पुन्हा त्याच माणसाकडे?” नवऱ्याने विचारलं.

“तिघांकडे मागितले. एकाने परत दिले,” ती म्हणाली. “माणूस ओळखायला अजून काय लागतं? आणि खरं तेही त्यानेच सांगितलं. मलाच झोंबलं.”

“माफी मागणार आहेस की काय?”

“मागेन. त्यात काय झिजतंय?”

वर्गाच्या जिन्यात गर्दी होती. दाराला कुलूप, त्यावर पोलिसांचा कागद. खालच्या पायरीवर निवृत्त मुख्याध्यापिका मांडीवर पिशवी धरून बसल्या होत्या. ती त्यांच्यापाशी वाकली.

“बाई, काय झालं? सर कुठे आहेत?”

“गेले. मंगळवारपासून फोन बंद.”

“आणि वर्ग?”

“वर्ग कधीच नावापुरता उरला होता. तुम्ही गेलात, त्याच्या दुसऱ्याच रविवारी म्हणाले, शिकायला वर्षं लागतील, तोवर पैसे माझ्याकडे ठेवा, मी गुंतवतो. मागाल तेव्हा परत. सगळ्यांनी ठेवले. मी माझी सगळी पुंजी ठेवली.”

तिचा हात आपसूक पर्सवर गेला. एवढ्या शिकलेल्या, उभा जन्म शाळा चालवलेल्या बाई. तिला त्यांची कीव आली आणि रागही आला.

“असं कसं केलंत, बाई?” ती म्हणाली. “एवढी रक्कम द्यायची तर काही पुरावा, काही चौकशी? कोणाच्या भरवशावर दिलीत?”

बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“तुमच्या,” त्या म्हणाल्या. “मागितल्याबरोबर परत देतात, हे तुम्हीच तर आम्हाला दाखवलंत.”