खोलीत बोललेलं सगळं

"आणि उद्या सिझर करतानाच मूलबंदीचं ऑपरेशनही उरकून टाकायचं ना?" डॉक्टर मॅडमनी विचारलं. विचारलं ते पुष्पाबाईंना.

"टाका उरकी," पुष्पाबाई म्हणाल्या.

त्यांची सून रत्ना तपासणीच्या टेबलावर पाय सोडून बसली होती. भरल्या पोटावर हात ठेवून ती दोघींच्या ओठांकडे आळीपाळीनं बघत होती. तिला ऐकू येत नव्हतं. तिच्या नवऱ्याला, ललितलाही नाही. त्यामुळे धुळ्यातल्या प्रत्येक ऑफिसात, दुकानात, दवाखान्यात या दोघांच्या वतीनं पुष्पाबाईच बोलायच्या, आणि समोरचाही त्यांनाच विचारायचा.

ललित पुढे झाला. मोबाइलवर काहीतरी लिहून त्यानं तो डॉक्टरांसमोर धरला. डॉक्टरांनी मोठ्यानं वाचलं, "आमची दुभाषी जळगावहून निघाली आहे. ती येईपर्यंत काही ठरवू नका. रत्नाला विचारा. तो तिचा हक्क आहे."

"हाई कोनी शिकाडं याले?" पुष्पाबाई चकित झाल्या. मग त्यांच्याच लक्षात आलं. कर्णबधिरांची एक मोठी, देशभरातली संघटना होती. तिच्या जळगावच्या केंद्रात ललित अधूनमधून मीटिंगला जायचा. तिथे ही मंडळी बसून चहा पीत असतील, इतकंच पुष्पाबाईंना वाटत होतं.

बाहेरचे पेशंट संपत आले तेव्हा दुभाषी पलक आली. बस स्टँडवरून चालत आल्यानं धापा टाकत होती. रत्ना-ललितला हातांनीच नमस्कार-चमत्कार करून ती डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी उभी राहिली.

"मॅडम, मला विचारू नका. त्यांच्याकडे बघून त्यांनाच विचारा. मी इथून खुणांच्या भाषेत सांगते."

डॉक्टरांनी खुर्ची वळवली. "रत्ना, उद्या सिझर करताना मूल न होण्याचं ऑपरेशनही करायचं का? ते केलं की पुढे मूल होणार नाही."

पलकचे हात थांबले तसा रत्नाचा चेहरा पडला. तिनं ललितकडे पाहिलं, मग सासूकडे. बोटं झरझर हलली.

"हे कधी ठरलं?" पलकनं तिचं बोलणं मोठ्यानं सांगितलं. "कोणी ठरवलं?"

"मी ठरायं!" पुष्पाबाई एकदम उसळल्या. "नातू नवल बी तसाच शे. त्याले बी ऐकू येत नही. आते आखो एक तसंच व्हयनं ते? शाळामा मी, रेशनमा मी, बँकमा मी. बठ्ठं मालेच करनं पडस. थकी गऊ मी. कितला दिन पुरसू?" बोलता बोलता त्यांचं लक्ष पलकच्या हातांकडे गेलं. "ओ पोरी! हाई तिले सांगू नको."

पलकचे हात चालूच होते. 'हे तिला सांगू नको' हेही तिनं सांगून टाकलं.

"अक्का, खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मला सांगावंच लागतं," ती म्हणाली, आणि हातांनी हेसुद्धा सांगितलं.

पुष्पाबाईंनी तोंडाला पदर लावला.

रत्ना ललितचा हात धरून टेबलावरून खाली उतरली. सासूच्या समोर येऊन उभी राहिली. तिचे हात आता सावकाश हलत होते.

"आई, तुम्ही थकलात हे मला माहीतच नव्हतं," पलक म्हणाली.

"तुले कसं माहीत ऱ्हाई? तू ते आत्ते उनी," पुष्पाबाई पलकलाच म्हणाल्या.

"मी नाही, अक्का. या बोलताहेत. माझा नुसता आवाज आहे."

पुष्पाबाईंनी मान वळवली. पलककडून रत्नाकडे.

"तुम्ही गप्प बसता, कपाळाला आठ्या घालता," रत्ना सांगत होती. "मला वाटायचं, तुम्हाला माझा राग येतो. नवल माझ्यासारखा झाला म्हणून. तुम्ही दमलेल्या असता, असं कोणीच सांगितलं नाही." पोटाकडे बोट दाखवून ती पुढे सांगू लागली. "याला ऐकू आलं, तर हे तुमच्याशी बोलेल. नाही आलं, तर नवलशी बोलेल. मला दोन्ही चालेल."

मग ती डॉक्टरांकडे वळली. "उद्या ते ऑपरेशन नको. बाळ येऊ दे. पुढचं मी आणि ललित ठरवू."

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या फक्त सिझर." नकळत त्यांचे डोळे होकारासाठी पुष्पाबाईंकडे गेले होते. ते त्यांनी परत रत्नाकडे आणले.

पुष्पाबाई पिशवी उचलून बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसल्या. मागून बाकीचे आले. ललित रत्नाला भरती करण्याचं बघायला काउंटरच्या खिडकीशी गेला. पलकनं पर्स खांद्याला अडकवली.

"येते, अक्का. उद्या सकाळी आहेच मी."

"बस कितला वाजता शे तुनी?"

"बसचं काय, जळगावला सारख्या असतात."

"मंग थांब जराशी." पुष्पाबाईंनी घसा खाकरला. "तिले सांग, लगीन व्हयनं तधयफाईन माले बी तिले काही इचारनं शे."

लग्न झाल्यापासून त्यांनाही तिला काही विचारायचंय, असं पलकनं हातांनी सांगितलं. रत्ना हसली आणि रोजच्यासारखी सासूच्या शेजारी टेकली.

पुष्पाबाई उठल्या. समोरच्या भिंतीजवळची प्लॅस्टिकची खुर्ची त्यांनी ओढत आणली आणि सुनेचे हात नीट दिसतील अशी तिच्यासमोर मांडून बसल्या.