डावीकडचं मागचं चाक

"त्या डब्याला हात लावू नका, वहिनी. तो डावीकडचा आहे."

मिस्त्री गाडीखालून बोलला. आईने हातातला नटांचा डबा आपटून खाली ठेवला.

"नट ते नट. त्यात कसलं आलंय डावं नि उजवं?"

मिस्त्री गाडीखाली काम करत राहिला. या बाईपुढे तोंड उघडण्यात राम नाही, हे तो तीन वर्षांत शिकला होता. पूर्वी ती त्याला भाऊजी म्हणायची. आता कसलीच हाक नाही.

गाडी गॅरेजमध्ये चार स्टँडवर उभी होती. जुनी, लांब नाकाची मसल कार. सुरू केली की शेजारच्या खिडक्या थरथरायच्या. नवऱ्याने बायकोपेक्षा या गाडीला जास्त वेळ दिला, असं आई म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

नवी चाकं त्यानेच मागवली होती. ड्रॅग रेसची, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या वेगाच्या शर्यतीची; पुढची दोन बारीक, मागची दोन चांगली हातभर रुंद. ती घरी पोचली तेव्हा त्याला जाऊन पंधरा दिवस झाले होते. खोकी जिन्याखाली तशीच पडून राहिली. मोडलेली गाडी लेकीने हळूहळू पुन्हा उभी केली. उद्या ती तिच्यात बसून शर्यतीत उतरणार होती. चाकं बसवायला मात्र तिला हाच माणूस हवा होता.

"ज्याने तुझा बाप मारला, त्याच्याच हातून?" आईने विचारलं होतं.

"काकांइतकी ही गाडी कुणाला कळत नाही."

लेक बापावर गेली होती. बोलली की काळ्या दगडावरची रेघ. मग आईनेही अट घातली: काम माझ्या डोळ्यांदेखत व्हायचं, आणि शेवटी एकूण एक नट मी स्वतः ओढून बघणार. एक माणूस गेला तेवढं पुरे झालं.

नवरा गेला त्या शर्यतीच्या दिवशी डावीकडचं मागचं चाक निघालं आणि गाडी भिंतीवर गेली. नट सैल होते, असं तपासायला आलेले म्हणाले. आईला ते त्यांच्या आधीच ठाऊक होतं.

आदल्या दिवशी नवरा-बायकोचं कडाक्याचं वाजलं होतं. सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा तिचा राग निवळला होता. उरली होती ती नुसती धास्ती. ती गॅरेजमध्ये आली. गाडीला कुणी बोट लावलेलं त्याला खपत नसे, तरी तिने लांब पाना घेतला आणि मागची दोन्ही चाकं तपासली. उजवीकडचे पाच नट जागचे हलले नाहीत. डावीकडचे पाचही पाव-पाव फेरा फिरले. तिने जीव खाऊन ओढले. म्हटलं, झालं एकदाचं घट्ट, आता कशाला पुन्हा भांडण? ती गप्प बसली.

मिस्त्रीने सैल सोडलेलं आपल्या ओढण्याने सावरलं नाही, ही रुखरुख तिने कुणापाशी बोलून दाखवली नाही. लोकांना एवढंच सांगितलं, की त्याने नट सैल ठेवले होते. सहा महिन्यांत मिस्त्रीच्या दुकानाला कुलूप लागलं.

"झालं," मिस्त्री उठत म्हणाला. त्याने जॅकने गाडी खाली उतरवली. लेक मापाचा पाना घेऊन आली. तो नेमका ताण बसला की कट् असा वाजायचा. मिस्त्रीने उजवीकडचे नट आवळले. प्रत्येक नट दोनदा. मग तो डावीकडे गेला.

आईने तेवढ्यात लांब पाना उचलला आणि उजवीकडच्या नटांना लावला. एकही हलला नाही.

"तेव्हाही दोनदाच आवळले होते, वहिनी," गाडीपलीकडून मिस्त्रीचा आवाज आला. "रोज आठवून बघतो. एक, दोन, तीन, चार, पाच. एकही सुटत नाही. पण चाक तर निघालं. म्हणजे माझाच हात चुकला असणार. तुमचं बोलणं मी कधी खोडून काढलं नाही."

"काढाल कशाला? चोराच्या मनात चांदणं."

लेक गाडीत जाऊन बसली. "आई, पुरे गं."

आई वळसा घालून डावीकडे आली. मिस्त्री बाजूला झाला आणि फडक्याला हात पुसत पुढच्या चाकापाशी वाकला. तिने मागच्या चाकाच्या पहिल्या नटाला पाना लावला आणि सगळा भार टाकला.

नट फिरला. पाव फेरा.

तिने दुसऱ्याला लावला. तोही फिरला.

"बघ!" ती किंचाळली. "बघ गं, पुन्हा तेच! मेल्या, आता माझ्या लेकीच्याही जिवावर उठलास?"

मिस्त्री धावत आला. तिच्या हातातला पाना कुठल्या बाजूला ओढला गेलाय, ते त्याने पाहिलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तो त्या घरात हसला.

"अहो वहिनी, जीव गेला होता माझा! उलटं फिरवा, उलटं. या गाडीचे डावीकडचे आटे उलटे असतात, कारखान्यातूनच तसे येतात. म्हणून तर डबे वेगळे ठेवले. तुम्हाला कुणी सांगितलं नाही कधी?"

आई पान्याला दोन्ही हातांनी धरून तशीच वाकलेली राहिली.

लेकीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तीही हसत होती.

"अगं आई, घट्ट करायला गेलीस आणि चाकच सोडवलंस की!"