पहिल्या गिऱ्हाइकाचं पत्र

मेलवर आलेलं ते पत्र निवृत्त ग्रंथपालांना राहून राहून आठवे. पुढे चढ्या भावानं विकता येईल म्हणून त्यांनी वेबसाइटसाठी ‘जुनी पुस्तकं’ हे नाव वर्षाचे पैसे भरून घेऊन ठेवलं होतं. दोनच महिन्यांत एका बाईंनी लिहिलं, ‘मला दुकान काढायचंय. नाव विकाल का?’

“अहो, उत्तर द्या. पहिलंच गिऱ्हाईक आहे,” बायको म्हणाली.

“मला कुठं काय कळतंय त्यातलं? आधी शिकू दे. घाई नडते,” म्हणत त्यांनी संयमावरची चार जाडजूड पुस्तकं आणली आणि खुणा करकरून दोन वर्षं वाचली.

आज अखेर किंमत ठरवून त्यांनी उत्तर लिहिलं. पाठवण्याआधी सहज त्या नावाची वेबसाइट उघडली, तर बाईंचं दुकान थाटात सुरू! नावाची मुदत दरवर्षी वाढवावी लागते, हेच ते विसरले होते. मोकळं झालेलं नाव बाईंनी केव्हाच घेतलं होतं.

“आणि जन्मभर मुदत चुकवणाऱ्यांकडून दंड घेतलात!” बायकोला हसू आवरेना.

ग्रंथपालांनी किंमत पुसली, दोनच ओळी लिहिल्या आणि उत्तर पाठवून टाकलं.



‘नाव तुम्हालाच शोभतं. संयमावरची चार पुस्तकं विकायची आहेत, घ्याल का?’