वीतभर जोडी

महाल भागात रेझिनच्या मूर्ती करणाऱ्या चंदनने दोन वर्षांपूर्वी प्रफुल्ल आणि श्वेताच्या लग्नासाठी दोघांची वीतभर जोडी घडवली होती. आज प्रफुल्ल तीच घेऊन आला.

"चंदनभाऊ, श्वेताचा रंग काढून टाक. पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं, नवी बायको गोरी आहे. थिनर नको लावू गा, रेझिन खराब होते."

चंदनने स्पिरिटात बुडवलेल्या मऊ ब्रशने श्वेताचं कुंकू, डोळे, ओठांवरचं हसू हलक्या हाताने उतरवलं. एवढ्या लवकर हिचं असं व्हावं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

"वहिनी कधी गेल्या?" त्याने हळूच विचारलं.



"अजून नाही गेली. डॉक्टर म्हणते, आठवडा लागन."